एडिसनचा लोखंडी घट

टॉमस अल्वा एडिसन हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विजेचा दिवा आणि फोनोग्राफ या दोन वस्तूंनी त्याला घराघरांत नेऊन बसविले, आणि क्रमिक पुस्तकांतला एडिसन बहुधा तेथेच संपतो. परंतु ज्या एका वस्तूपायी या गृहस्थाने उतारवयातली सुमारे दहा वर्षे आणि लक्षावधी डॉलर खर्ची घातले, ती या दोहोंपैकी नव्हे. ती होती वीज साठवून ठेवणारा एक घट, निकेल आणि लोखंड यांचा. सुलतान बाजारातून चार पावले ट्रूप बाजाराकडे टाकली की विजेच्या सामानाची दुकानेच दुकाने लागतात. तेथे आज हा घट मागावा तर दुकानदार गोंधळून पाहील. शिशाची बॅटरी तो देईल, लिथियमची देईल. लोखंडाची बॅटरी कसली, असे विचारील. आणि तरीही गेल्या दहा-पंधरा वर्षांत रसायनशास्त्रज्ञांच्या लिखाणात या घटाचे नाव पुन्हा येऊ लागले आहे, तेही ज्या दोषामुळे तो मागे पडला त्याच दोषामुळे. म्हणून ही हकीकत जरा मुळापासून सांगतो.

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी ओहायो प्रांतातल्या मिलान गावी झाला. शाळेत तो थोडेच महिने गेला. शिक्षण आईकडे झाले आणि उरलेले त्याने स्वतः करून घेतले. आगगाडीत वर्तमानपत्रे विकणारा पोऱ्या, मग तारमास्तर, असे त्याचे सुरुवातीचे आयुष्य. कान लहानपणापासूनच अधू होते. तारायंत्रे त्या काळी घटांवर चालत, तेव्हा आम्ल, जस्त, तांबे यांच्याशी त्याचा संबंध पोरवयापासूनचा. लुइव्हिल येथे वेस्टर्न युनियनच्या कचेरीत तो रात्रपाळी करी, आणि काम नसेल तेव्हा घटांवर प्रयोग करी. 1867 साली एका रात्री त्याच्या हातून गंधकाम्ल सांडले, ते लाकडी तक्तपोशीतून झिरपले आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या घटाविषयी एडिसनला पुढे जी अढी बसली तिचे मूळ या प्रसंगात शोधू नये, पण प्रसंग लक्षात राहण्याजोगा आहे खरा.

मेन्लो पार्क, दिवा, न्यूयॉर्कचे पहिले वीजघर हा सारा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे, तो येथे सोडून देतो. आपल्या कथेला महत्त्वाचे आहे ते 1890 ते 1900 हे दशक, आणि त्या दशकाविषयी चरित्रे फारसे बोलत नाहीत, कारण ते अपयशाचे आहे. न्यू जर्सीतल्या ऑग्डन येथे हलक्या प्रतीच्या दगडातून चुंबकाने लोखंड वेगळे काढण्याचा प्रचंड कारखाना त्याने उभारला. डोंगरच्या डोंगर फोडणारी यंत्रे त्याने स्वतः योजली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आपले भाग विकून आलेला पैसा त्यात ओतला. इतक्यात मिनेसोटातल्या मेसाबी येथे उत्तम प्रतीचे लोखंड जवळजवळ उघड्यावर सापडले, भाव कोसळले, आणि एडिसनचा डाव बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, जगभर नाव झालेले, आणि हाताशी बंद पडलेली यंत्रे. अशा वेळी दुसरा कोणी स्वस्थ बसला असता.

एडिसनने मोटारींकडे पाहिले. आज आपण विजेच्या मोटारीला नवलाईची वस्तू समजतो. पण 1900 साली अमेरिकेत तयार झालेल्या 4,192 मोटारींपैकी 1,575 विजेवर चालणाऱ्या होत्या आणि पेट्रोलवरच्या अवघ्या 936. उरलेल्या वाफेच्या. विजेची मोटार आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे, हाताने दांडा फिरवून सुरू करावी लागत नसे. तिचे दुखणे एकच होते, तिच्या पोटातला शिशाचा घट. शिसे जड, गंधकाम्ल भांडे खाई, पट्ट्या खाई, धक्क्यांनी पट्ट्यांवरचा लेप गळून तळाशी साचे. घट हलका आणि टिकाऊ झाला तर पेट्रोलला कोण विचारतो, असा एडिसनचा हिशेब होता.

त्याने पहिली गोष्ट ठरविली ती ही की आम्ल नको. द्राव अल्कली असावा, म्हणजे लोखंडी डबा चालेल आणि पट्ट्या गंजून झिजणार नाहीत. येथे विद्युदग्र हा शब्द समजून घेतला पाहिजे. घटात ज्या दोन पट्ट्यांवाटे वीज आत शिरते आणि बाहेर पडते त्यांना विद्युदग्रे म्हणतात, आणि घटाचे सारे गुणदोष त्या कशाच्या केल्या आहेत यावर अवलंबून असतात. अल्कलीत टिकेल, वीज घेईल, देईल आणि हजार वेळा घेऊन-देऊन पुन्हा जसाच्या तसा राहील असा पदार्थ कोणता? पुस्तकांत याचे उत्तर नव्हते. एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत माणसे पाळ्यांनी रात्रंदिवस पदार्थ तपाशीत राहिली. प्रयोगांची संख्या कोणी दहा हजार सांगतात, कोणी पन्नास हजार. मोजणारा कोणी होता असे वाटत नाही. जोनास आयल्सवर्थसारखे निष्णात रसायनज्ञ त्याच्या हाताखाली होते, आणि या कामाचे श्रेय एकट्या एडिसनच्या पदरात टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अखेर निवड ठरली. धन पट्टीत निकेलचा हायड्रॉक्साइड, ऋण पट्टीत बारीक लोखंड, आणि मध्ये कॉस्टिक पोटॅशचे पाण्यातले द्रावण. 1901 साली एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी स्थापन झाली.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ अगदी याच वाटेने चालला होता, हे मात्र आपल्याकडच्या एडिसन-भक्तांना सहसा ठाऊक नसते. युंगनरने निकेल आणि कॅडमियमचा घट केला, निकेल-लोखंडाचाही केला. पेटंटांवरून दोघांत कज्जे चालले. एडिसनमागे पैसा होता, युंगनरमागे नव्हता. त्यातच 1905 साली युंगनरच्या कारखान्याला आग लागली. विजयाची माळ अटलांटिकच्या पलीकडे गेली. परंतु युंगनरचे एक निरीक्षण एडिसनने मनावर घ्यायला हवे होते. लोखंडाच्या पट्टीत वीज भरताना तिच्यातला बराच भाग लोखंडात साठत नाही. तो पाणी फोडण्यात जातो आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात. याच कारणाने युंगनरने लोखंड सोडून कॅडमियम पत्करले. त्याच्या कंपनीने पुढे निकेल आणि लोखंड यांच्या रासायनिक चिन्हांवरून निफे हे नाव घेतले. आपल्या हैदराबादच्या लोकांनी ते वाचले असेल: मूळ हैदराबाद बॅटरीज या नावाने सुरू झालेली इथली कंपनी मधली काही वर्षे एचबीएल निफे म्हणूनच ओळखली जाई.

हे बुडबुडे का येतात, ते थोडक्यात असे. अल्कलीतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटण्यास जितका विजेचा दाब लागतो, त्याहून किंचित जास्तच दाब गंजलेल्या लोखंडाला पुन्हा शुद्ध लोखंड करण्यास लागतो. म्हणजे लोखंडाला वीज पाजायची तर पाणी आधीच हात पुढे करून उभे. पंगतीत मानाच्या पाहुण्याचे पान मांडावे आणि शेजारच्याने आधी वाढून घ्यावे, तसा प्रकार. शंभर युनिटे भरावीत तेव्हा साठ-सत्तर परत मिळत. पट्ट्या पूर्ण भरल्यावर तर येणारी सगळीच वीज पाणी फोडीत राही: लोखंडावर हायड्रोजन, म्हणजे जुन्या पुस्तकांतला उज्जवायू, आणि निकेलवर प्राणवायू. शिशाच्या घटातही हे होते. जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवणाऱ्यांना खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगतात आणि मधूनमधून शुद्ध पाणी घालायला लावतात ते याचसाठी. लोखंडात ते फार मोठ्या प्रमाणावर होई.

पण एडिसनवर पहिले संकट आले ते हायड्रोजनचे नव्हते. 1903-04 साली घट बाजारात गेले, आणि थोड्याच महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या. डब्यांचे सांधे गळत. आणि त्याहून वाईट म्हणजे घटाची धारणाशक्ती उतरत जाई. दोष धन पट्टीत होता. निकेलचा हायड्रॉक्साइड स्वतः विजेचा चांगला वाहक नाही, म्हणून त्यात ग्रॅफाइटचे कण मिसळले होते. वीज भरता-काढताना हा पदार्थ फुगे आणि आकसे, आणि ग्रॅफाइट हळूहळू जळून जाई. मग कणाकणांतला संबंध तुटे. वरवर पाहता घट चालत होते, मागणीही होती. एडिसनने 1904 च्या अखेरीस कारखाना बंद केला आणि विकलेला माल परत घेतला. आमच्या मते दिव्याच्या शोधापेक्षा हा प्रसंग त्याच्या थोरवीची अधिक साक्ष देतो. नाव गाजलेले असताना आपला माल खोटा निघाला हे जाहीर मान्य करून पैसे मोजणारे कारखानदार तेव्हाही थोडे होते.

पुन्हा पाच वर्षे गेली. ग्रॅफाइटच्या जागी काय घालावे? उत्तर सापडले ते इतके चमत्कारिक की वाचताना कौतुक वाटते. एका फिरत्या पिंपावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा अतिपातळ थर द्यायचा, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा, पुन्हा निकेलचा, असे शंभराहून अधिक थर चढवायचे. मग तो पत्रा सोलून बारीक चौकोन कापायचे आणि तांबे विरघळवून टाकायचे. हाती राहतात त्या निकेलच्या चकत्या, एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिस्स्याइतक्या पातळ, वाऱ्याने उडणाऱ्या. सच्छिद्र पोलादी नळ्यांत निकेलचा हायड्रॉक्साइड आणि या चकत्या आलटून-पालटून ठासायच्या. एकेका बोटभर नळीत शेकडो थर. फुगवटा आवरावा म्हणून नळीभोवती पोलादी कडी. लोखंडाच्या पट्टीत वाहकता यावी म्हणून थोडा पारा, आणि द्रावात लिथियम हायड्रॉक्साइडची चिमूट, जिने धारणाशक्ती वाढली आणि आयुष्यही वाढले. शेवटच्या या युक्तीचे संपूर्ण रहस्य एडिसनला ठाऊक नव्हते. करून पाहिले आणि गुण आला, एवढेच.

1909 साली नवा घट बाहेर पडला. कारखान्यात त्याची परीक्षा घेण्याची रीतही एडिसनच्या स्वभावाला साजेशी होती: गडी वरच्या मजल्यावरून घट खाली फेकीत आणि मग तो चालतो की नाही ते पाहत. तो चाले. 1910 साली निजामाच्या राज्यात वीज खाते स्थापन झाले. आपला सुलतान बाजार त्या वेळी रेसिडेन्सी बाजार होता आणि इंग्रजांच्या अमलाखाली होता. वीज म्हणजे काय हे इथल्या वाड्यांना कळू लागले त्या सुमारास तिकडे ती कशी साठवावी याचा खल पुरा झाला होता.

दैव मात्र पुन्हा आडवे आले. 1912 साली चार्ल्स केटरिंग याने पेट्रोलच्या मोटारीला विजेचा स्टार्टर बसविला. दांडा फिरविण्याची कटकट गेली, आणि विजेच्या मोटारीचा मोठा गुण गेला. वर हा स्टार्टर चालविण्यास क्षणभर जोरदार प्रवाह लागे, तो शिशाचा घट देई, एडिसनचा देत नसे. हेन्री फोर्ड एडिसनचा भक्त. 1914 साली दोघे मिळून स्वस्त विजेची मोटार काढणार असा गाजावाजा झाला. ती मोटार कधी आली नाही. घट खपले ते खाणींतल्या दिव्यांसाठी, रेल्वेच्या सिग्नलांसाठी, मालवाहू गाड्यांसाठी. आणि त्यात कंपनीला नफाही चांगला झाला. पण ज्यासाठी खटाटोप केला ते गिऱ्हाईक हातचे गेले.

उरले होते आरमार. पाणबुडी पाण्याखाली विजेवर चाले, आणि शिशाच्या घटात समुद्राचे पाणी शिरले की क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होई. 25 मार्च 1915 रोजी होनोलुलूजवळ एफ-4 ही अमेरिकन पाणबुडी 21 माणसांसह बुडाली. घटांच्या आम्लाने टाकीचे अस्तर खाल्ले आणि पाणी आत आले, असे चौकशीत दिसले. एडिसनच्या घटात आम्लच नाही. त्याचा मुख्य अभियंता मिलर रीज हचिसन याने आरमाराच्या अधिकाऱ्यांना हे पटवून दिले, आणि ई-2 या पाणबुडीत लोखंडी घट बसविण्यात आले. एडिसन त्या वेळी आरमाराच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्षही होता.

15 जानेवारी 1916 रोजी ब्रुकलिनच्या गोदीत ई-2 उभी होती. घटांची परीक्षा चालू होती, आत माणसे कामावर होती. दुपारी तिच्या पोटात स्फोट झाला. काही माणसे जागीच गेली, काही होरपळली. हायड्रोजन साचला होता. ओळीतले काही कमजोर घट इतरांआधी रिकामे झाले, त्यांतून प्रवाह उलटा वाहिला आणि ते वायू सोडू लागले. प्रत्येक घटावर नजर ठेवण्याची सोय नव्हती, हवा खेळण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. एडिसनच्या बाजूने वायुवीजनाला दोष देण्यात आला, आरमाराच्या बाजूने घटाला. निवाडा काहीही असो, युंगनरने जो बुडबुडा पाहून लोखंड सोडले त्याच बुडबुड्याने माणसांचा जीव घेतला. आरमाराचे दार एडिसनच्या घटाला बंद झाले. या प्रकरणात एडिसनविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की विकण्याची घाई झाली. 1904 साली जो मनुष्य आपला माल परत घेण्याइतका कठोर होता, त्याच्या कंपनीने 1916 साली हायड्रोजनची बाब खरेदीदाराच्या पंख्यांवर सोडावी, हे त्याला शोभले नाही.

एडिसन पुढे पंधरा वर्षे जगला. शेवटची वर्षे रानटी झाडांतून रबर काढण्याच्या खटपटीत गेली. 1930 च्या डिसेंबरात आपले मुंबईकर डॉ. शंकर आबाजी भिसे, ज्यांना लोक भारताचे एडिसन म्हणत, त्याला भेटले. भिसे यांचे मन त्या भेटीने भरून आले असणार, कारण वर्षभरात, 18 ऑक्टोबर 1931 रोजी, एडिसन वेस्ट ऑरेंजच्या घरी वारला. त्याचे घट मात्र चालूच होते. द्राव बदलला की वीस-तीस वर्षांचा जुना घट पुन्हा कामाला लागे. गिऱ्हाइकाला दुसरा घेण्याची गरज पडत नसे, हाही धंद्याच्या दृष्टीने एक दोषच. 1972 साली एक्साइड कंपनीने हा कारखाना घेतला आणि 1975 साली हे घट काढणे बंद केले.

येथे गोष्ट संपायची. परंतु सूर्य आणि वारा यांपासून वीज काढण्याचे दिवस आले आणि नवीच अडचण उभी राहिली. भर दुपारी वीज उतू जाते, रात्री मिळत नाही. काही तासांसाठी ती घटात साठविता येते. महिनोन्महिने साठवायची, खतकारखान्याला किंवा पोलादाच्या भट्टीला द्यायची, तर पाणी फोडून हायड्रोजन करावा लागतो. भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले ते यासाठीच. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन करण्याची क्षमता उभारावी असे त्यात ठरविले आहे. एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी फुटावे लागते आणि व्यवहारात सुमारे 50 युनिटे वीज लागते. तेव्हा कोणत्या पट्टीवर पाणी कमी विजेत फुटते, हा प्रश्न आज कोट्यवधी रुपयांचा झाला आहे.

आणि उत्तर शोधताना लोक पुन्हा निकेल व लोखंडापाशी आले. निकेलच्या पट्टीत लोखंडाचा अंश शिरला की घट बिघडतो, हे घट बनविणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. पट्टी भरण्याआधीच प्राणवायू सुटू लागतो, म्हणून ते लोखंडाला विष समजत. 1987 साली कॉरिगन या संशोधकाने हेच उलट बाजूने दाखविले: निकेलमध्ये लोखंडाचा थोडासा अंश आला की प्राणवायू फार सहज सुटतो. ज्याला पाणीच फोडायचे आहे त्याला हे विष औषधासारखे. 2012 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाय यांच्या चमूने एडिसनचे तेच दोन पदार्थ कार्बनच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर आणि नळ्यांवर वाढविले, तेव्हा तासन् तास भरावा लागणारा हा घट सुमारे दोन मिनिटांत भरला. पुढल्याच वर्षी त्याच चमूने निकेल-लोखंडाचा थरांचा हायड्रॉक्साइड पाणी फोडण्यास किती उत्तम आहे ते दाखविले. ग्रॅफाइटने एडिसनचा घात केला होता. कार्बनच्याच वेगळ्या रूपाने त्याच्या पदार्थांना वेग दिला.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथे फोक्को मुल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एडिसनचा दोष सरळ अंगीकारला. त्यांनी 2017 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या यंत्राला बॅटोलायझर असे नाव आहे, बॅटरी आणि इलेक्ट्रोलायझर या दोहोंचा जोड. रचना एडिसनचीच: लोखंडाची ऋण पट्टी, निकेलची धन पट्टी, मध्ये कॉस्टिक पोटॅश. फरक एवढा की दोन पट्ट्यांच्या मध्ये पातळ पडदा आहे, त्यामुळे हायड्रोजन आणि प्राणवायू एकमेकांत मिसळत नाहीत, आपापल्या नळीने बाहेर काढून घेता येतात. ई-2 च्या पोटात जो वायू कोंडला त्याला येथे वाट आहे. वारा जोरात असला की आधी पट्ट्या भरतात. त्या भरल्या तरी वीज थांबवीत नाहीत. तीच पट्टी पाणी फोडू लागते आणि वायू टाकीत जमा होतो. वारा पडला की पट्ट्यांतली वीज परत घेतात. एडिसनच्या घटात वाया जाणारा हिस्सा असा हिशेबात धरला, तेव्हा दिलेल्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा वीज आणि हायड्रोजन या दोन रूपांत मिळून परत येते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले.